१९ जुलै १९६९ची सही आणि रत्नागिरीचा पैसा : एक प्रकरण अभ्यास

१९ जुलै १९६९ हा शनिवार होता. कोकण किनाऱ्यावर त्या दिवसांत होड्या वाळूवर ओढून झापांनी शाकारलेल्या असत आणि मुंबईची आगबोट पावसाळ्यापुरती बंद असे. रेल्वे तर आणखी जवळजवळ तीस वर्षांनी यायची होती, त्यामुळे दिल्लीतली बातमी त्या रात्री बंदरावर पोहोचली ती रेडिओवरूनच. साडेआठच्या सुमारास पंतप्रधान इंदिरा गांधी आकाशवाणीवर बोलल्या आणि ५० कोटी रुपयांहून अधिक ठेवी असलेल्या १४ खासगी बँका सरकारने आपल्या ताब्यात घेतल्याचे देशाला कळले. संसदेने यासाठी कोणताही कायदा केलेला नव्हता. संसदेचे अधिवेशन दोनच दिवसांनी, सोमवारी, सुरू होणार होते. जे घडले ते हंगामी राष्ट्रपती वराहगिरी व्यंकट गिरी यांच्या सहीने निघालेल्या अध्यादेशाने घडले, आणि ही सही करणाऱ्या गिरींनी दुसऱ्याच दिवशी पदाचा राजीनामा दिला.

मी यानंतर बऱ्याच वर्षांनी एका राष्ट्रीयीकृत बँकेत लागलो आणि नोकरीचा बहुतेक काळ मंडणगडपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या शाखांत काढला. या अध्यादेशाचा उल्लेख आमच्या खात्याच्या प्रत्येक प्रशिक्षणात होत असे, पण तो एखाद्या सणासारखा, तारीख सांगून पुढे जाण्यापुरता. या लेखात मी तो प्रकरण म्हणून तपासतो आहे. राष्ट्रपतींच्या नावाने निघालेला एक आदेश आणि त्याच्या मागेपुढे झालेल्या नेमणुका यांनी देशाचे वित्तीय धोरण कसे वळवले, आणि ते वळण रत्नागिरीसारख्या जिल्ह्यात कुठपर्यंत आले व कुठे अडले, एवढाच प्रश्न येथे आहे. १९६९ साली रत्नागिरी जिल्ह्यात आजचा सिंधुदुर्गही होता, हे वाचकाने ध्यानात ठेवावे.

आधी यंत्रणेविषयी थोडे. राज्यघटनेच्या १२३व्या अनुच्छेदानुसार संसदेची दोन्ही सभागृहे एकाच वेळी अधिवेशनात नसताना तातडीची कारवाई आवश्यक असल्याबद्दल राष्ट्रपतींची खात्री झाली, तर ते अध्यादेश काढू शकतात, आणि संसद पुन्हा भरल्यावर सहा आठवड्यांत तिने तो कायद्यात रूपांतरित केला नाही तर त्याचे बळ संपते. ही 'खात्री' व्यवहारात मंत्रिमंडळाची असते. मंत्र्यांची नेमणूक पंतप्रधानांच्या सल्ल्याने राष्ट्रपती करतात आणि कोणते खाते कोणाकडे हेही त्यांच्याच नावाने ठरते. वित्त आयोग राष्ट्रपती नेमतात, महालेखापरीक्षकांची नेमणूक त्यांच्या सही-शिक्क्याने होते, सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीशही तेच नेमतात. रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरांची नेमणूक मात्र १९३४च्या कायद्याप्रमाणे केंद्र सरकार करते. राष्ट्रपतींची सही ही केवळ औपचारिकता आहे, असे आपल्याकडे सर्रास म्हटले जाते. ते कायद्याच्या दृष्टीने बरोबर असले, तरी ती सही कोणत्या दिवशी मिळते, कोणाकडून मिळते आणि तिच्या आधी कोणाचे खाते काढून घेतलेले असते, यांत औपचारिक काही नसते. या प्रकरणात सारे काही त्या क्रमातच दडलेले आहे.

क्रम असा. ३ मे १९६९ रोजी राष्ट्रपती झाकिर हुसेन यांचे पदावर असतानाच निधन झाले आणि उपराष्ट्रपती गिरी हंगामी राष्ट्रपती झाले. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात बंगळूरला काँग्रेसची बैठक भरली. तेथे इंदिरा गांधींनी आर्थिक धोरणावरचे आपले टिपण मांडले, ज्यात बँकांच्या राष्ट्रीयीकरणाचा पर्याय होता. त्याच बैठकीच्या दिवसांत पक्षाच्या संसदीय मंडळाने पंतप्रधानांच्या इच्छेविरुद्ध नीलम संजीव रेड्डी यांना राष्ट्रपतिपदाचे उमेदवार ठरवले आणि लगोलग गिरींनी स्वतंत्रपणे निवडणूक लढवण्याचे जाहीर केले. अर्थमंत्री आणि उपपंतप्रधान होते मोरारजी देसाई. राष्ट्रीयीकरणाऐवजी 'सामाजिक नियंत्रण' पुरेसे आहे, हे त्यांचे मत होते, आणि ते नुसते मत नव्हते. १९६८च्या कायदादुरुस्तीने बँकांच्या संचालक मंडळांवर शेती, ग्रामीण अर्थव्यवस्था, सहकार, लघुउद्योग अशा क्षेत्रांचे जाणकार बहुसंख्येने असावेत असे बंधन आले होते आणि ही व्यवस्था १ फेब्रुवारी १९६९पासून अमलात आली होती. तिला जेमतेम साडेपाच महिने झाले होते.

१६ जुलै रोजी अर्थखाते मोरारजींकडून काढून पंतप्रधानांनी स्वतःकडे घेतले. माझ्या मते या प्रकरणातला निर्णायक आदेश हाच होय. अध्यादेशाची चर्चा सगळे करतात, पण १६ तारखेचा खातेबदल झाला नसता तर १९ तारखेचा अध्यादेश अर्थमंत्र्यांच्या टेबलावरूनच परत गेला असता. या दोन तारखांच्या मधल्या काळात दिल्लीत अध्यादेशाचा मसुदा तयार झाला. अर्थखात्यातले आर्थिक व्यवहार विभागाचे सचिव आय. जी. पटेल, पंतप्रधानांचे सचिव पी. एन. हक्सर आणि बँकिंगचे काम पाहणारे तरुण अधिकारी डी. एन. घोष ही त्या धावपळीतली ठळक नावे आहेत. एवढी घाई का, याचे एक उत्तर गुप्ततेत आहे, कारण बातमी आधी फुटली असती तर भागांचे भाव, ठेवी आणि मालमत्ता यांत उलथापालथ झाली असती. दुसरे उत्तर दिनदर्शिकेत आहे. गिरी निवडणूक लढवण्यासाठी पद सोडणार होते आणि सोमवारी संसद भरली की अध्यादेशाचा मार्ग बंद होणार होता. सही शनिवारी मिळाली, रविवारी गिरी पदमुक्त झाले, आणि उपराष्ट्रपतिपदही रिकामे असल्याने देशाचे सरन्यायाधीश मोहम्मद हिदायतुल्ला हंगामी राष्ट्रपती झाले. रविवारी रात्री भारतीय वेळेनुसार मध्यरात्र उलटल्यावर माणूस चंद्रावर उतरला, आणि वर्तमानपत्रांना पहिले पान दोन बातम्यांत वाटावे लागले.

९ ऑगस्टला अध्यादेशाच्या जागी कायदा आला. त्याला संमती दिली ती हिदायतुल्लांनी. म्हणजे अध्यादेश एका हंगामी राष्ट्रपतीने काढला आणि त्याच्या कायद्यावर दुसऱ्या हंगामी राष्ट्रपतीने सही केली. निवडून आलेला राष्ट्रपती या साऱ्या काळात नव्हताच.

राष्ट्रपतिपदाची ती निवडणूक कोकणच्या वाचकाने वेगळी लक्षात ठेवावी अशी आहे. गिरी आणि रेड्डी यांच्याखेरीज तिसरे महत्त्वाचे उमेदवार होते चिंतामणराव देशमुख. महाडजवळच्या नाते गावी जन्मलेले, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, १९५२ साली कुलाबा (म्हणजे आजच्या रायगड) जिल्ह्यातून लोकसभेवर निवडून गेलेले आणि १९५० ते १९५६ या काळात देशाचे अर्थमंत्री राहिलेले देशमुख या वेळी जनसंघ आणि स्वतंत्र पक्ष यांच्या पाठिंब्याने उभे होते. हेच दोन पक्ष बँक राष्ट्रीयीकरणाच्या विरोधात होते. गंमत अशी की, १९ जानेवारी १९५६ रोजी आयुर्विमा कंपन्यांचे व्यवस्थापन एका रात्रीत सरकारकडे आणणारा अध्यादेश निघाला तेव्हा अर्थमंत्री देशमुखच होते. गुप्तता तीच होती, कंपन्यांवर सरकारचे अभिरक्षक (कस्टोडियन) नेमण्याची पद्धत तीच होती आणि संध्याकाळचे आकाशवाणीवरचे भाषणही तसेच झाले होते. २४५ विमा कंपन्या व संस्था त्यात आल्या आणि १ सप्टेंबर १९५६ला आयुर्विमा महामंडळ उभे राहिले, पण तोवर देशमुख मुंबईच्या प्रश्नावर मंत्रिपद सोडून मोकळे झाले होते. मतमोजणीत गिरींना पहिल्या पसंतीची ४,०१,५१५, रेड्डींना ३,१३,५४८ आणि देशमुखांना १,१२,७६९ मूल्याची मते पडली. दुसऱ्या पसंतीच्या मोजणीनंतर गिरी ४,२०,०७७ विरुद्ध ४,०५,४२७ असे निवडून आले. पुढे १५ एप्रिल १९८० रोजी आणखी ६ बँकांचे राष्ट्रीयीकरण करणारा अध्यादेश निघाला, तो राष्ट्रपती संजीव रेड्डी यांच्या नावाने. १९६९च्या मतपत्रिकेवरच्या तीनही प्रमुख उमेदवारांच्या खात्यावर अशा रीतीने निदान एकेक राष्ट्रीयीकरणाचा अध्यादेश जमा आहे. त्यामुळे अमुक अध्यादेश अमुक व्यक्तीच्या विचारसरणीतून निघाला, असे म्हणताना मी जरा थांबतो. हत्यार मांडणीवर तयार होते, ते ज्याच्या हाती आले त्याने वापरले.

आता नेमणुका. अध्यादेशाने बँकांचे अध्यक्ष घरी पाठवले नाहीत. जो आदल्या दिवशी अध्यक्ष होता, तोच दुसऱ्या दिवशी सरकारच्या वतीने त्या बँकेचा अभिरक्षक झाला. कागदावर हा फरक पदनामापुरता दिसतो. पण अध्यक्षाला भागधारकांच्या सभेला उत्तर द्यावे लागे, आणि अभिरक्षकाला दिल्लीला. सेंट्रल बँकेचे भागधारक आणि संचालक रुस्तम कावसजी कूपर यांनी सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली, तेव्हा न्यायालयाने काही दिवसांतच जो अंतरिम आदेश दिला तो नेमका येथे बोट ठेवणारा होता. अध्यक्षांना काढू नये, सल्लागार मंडळे नेमू नयेत, असे त्यात होते. बँकांची मालकी सरकारकडे गेली, ते न्यायालयाने थांबवले नाही. खुर्च्या बदलणे तेवढे थांबवले. खरी सत्ता कुठे असते हे न्यायाधीशांना नीट ठाऊक होते, असे मला तो आदेश आठवताना नेहमी वाटते.

अंतिम निकाल १० फेब्रुवारी १९७० रोजी लागला. कूपर यांची बाजू नानी पालखीवाला यांनी मांडली होती. ११ न्यायाधीशांच्या पीठात, हिदायतुल्ला त्यात नव्हते, १० विरुद्ध १ अशा बहुमताने कायदा रद्द झाला. राष्ट्रीयीकरण करण्याचा संसदेचा अधिकार न्यायालयाने नाकारला नाही. भरपाई ठरवण्याची तत्त्वे सदोष आहेत आणि निवडक १४ बँकांशी भेदभाव झाला आहे, या मुद्द्यांवर कायदा पडला. मूळ अध्यादेशाच्या वेळी खरोखरच तातडी होती का, हा प्रश्न मात्र न्यायालयाने सोडवला नाही, कारण अध्यादेशाची जागा कायद्याने घेतल्यामुळे तो आता केवळ तात्त्विक उरला होता. अभ्यासकांनी यावर पुष्कळ लिहिले आहे. माझ्यापुरती गोष्ट साधी आहे. अध्यादेशाने जे साधायचे ते तो रद्द होण्यापूर्वीच साधून जातो, आणि मग त्याच्या तातडीची तपासणी करायला कोणी उरत नाही.

चार दिवसांनी, १४ फेब्रुवारीला, दुसरा अध्यादेश निघाला. या वेळी सही करणारे गिरीच होते, पण आता रीतसर निवडून आलेले राष्ट्रपती म्हणून. भरपाईच्या तत्त्वांचा घोळ सरकारने या खेपेस टाळला आणि प्रत्येक बँकेपुढे सरळ रक्कम लिहिली: सेंट्रल बँकेला १७.५ कोटी, बँक ऑफ इंडियाला १४.७ कोटी, बँक ऑफ महाराष्ट्रला २.३ कोटी, आणि १४ बँका मिळून ८७.४ कोटी रुपये. मार्चअखेर त्याचा कायदा झाला आणि तो १९ जुलै १९६९पासूनच लागू असल्याचे त्यात म्हटले.

या काळात वित्तीय कारभाराच्या वरच्या खुर्च्या किती वेगाने हलल्या, तेही पाहण्यासारखे आहे. १६ जुलै १९६९ ते २७ जून १९७० या वर्षाच्याही आतल्या काळात अर्थखाते मोरारजींकडून इंदिरा गांधींकडे आणि त्यांच्याकडून यशवंतराव चव्हाणांकडे गेले. रिझर्व्ह बँकेत मे १९७०मध्ये लक्ष्मीकांत झा गव्हर्नरपदावरून गेले, बी. एन. आडारकर यांनी जेमतेम दीड महिना कारभार पाहिला आणि जूनमध्ये एस. जगन्नाथन आले. सरकारात बँकिंगसाठी स्वतंत्र विभाग निघाला. एप्रिल १९७३मध्ये गिरींच्याच राष्ट्रपतिपदाच्या काळात आणखी एक नेमणूक झाली, ती न्यायालयातली. कूपर खटल्यात एकटे विरोधी मत देणारे न्यायमूर्ती अजितनाथ राय यांना शेलत, हेगडे आणि ग्रोव्हर या तीन ज्येष्ठांना डावलून सरन्यायाधीश करण्यात आले. ते तिघेही कूपर खटल्यात बहुमताच्या बाजूचे होते. नेमणुकीचे तात्कालिक निमित्त घटना बदलण्याच्या संसदेच्या अधिकाराविषयीच्या केशवानंद भारती खटल्याचे होते हे खरे, तरी बँकांचा निकाल दिल्लीच्या विस्मरणात गेला होता असे मानायला मी तयार नाही.

येथवरची कथा दिल्लीची झाली. रत्नागिरीला या साऱ्याने काय मिळाले?

१९६९ साली कोकणचा पैसा मुख्यतः मनीऑर्डरने येत असे. गिरणीत, गोदीत, हापिसांत राबणारा चाकरमानी महिन्याच्या पहिल्या आठवड्यात गावी पैसे धाडी आणि पोस्टमनची वाट पाहणे हा घराघरातला नेम होता. आलेल्या पैशातून जे उरे ते पोस्टाच्या बचत खात्यात किंवा तालुक्याच्या गावी बँक असेल तर तेथे जाई. उधारी लागली तर गावचा सावकार, सोन्याचे तारण, आंब्याच्या बागायतदाराला मुंबईच्या दलालाची उचल, मच्छीमाराला मासळी घेणाऱ्या व्यापाऱ्याची उचल. दलालाच्या उचलीला व्याज दिसत नसे, कारण ते मालाच्या भावात कापले जाई. त्या वर्षी देशभरात मिळून व्यापारी बँकांच्या सुमारे ८,२६२ शाखा होत्या, म्हणजे सरासरी ६५ हजार लोकांमागे एक, आणि त्यातल्या जेमतेम एकपंचमांश ग्रामीण भागात होत्या. १४ बँकांपैकी सेंट्रल बँक, बँक ऑफ इंडिया, युनियन बँक आणि देना बँक या चार मुंबईच्या होत्या. मुंबईत कमावलेला पैसा कोकणात येऊन पुन्हा मुंबईच्याच मुख्यालयात जमा होणे, हा फेरा अध्यादेशाच्या आधीपासून चालू होता.

तो फेरा मोडण्याचे काम अध्यादेशाने केले नाही, आणि त्याच्याकडून ती अपेक्षाही धरता येत नाही. ते काम ज्या निर्णयांनी करायला घेतले, त्यांवर राष्ट्रपतींची सही नव्हती. राष्ट्रीय पत परिषदेने नेमलेल्या धनंजयराव गाडगीळ यांच्या अभ्यासगटाने ऑक्टोबर १९६९मध्ये क्षेत्रनिहाय दृष्टिकोनाची शिफारस केली. एकेका जिल्ह्याची जबाबदारी एकेका बँकेने घ्यावी, असा तिचा गाभा होता. रिझर्व्ह बँकेच्या नरिमन समितीने ती उचलून धरली आणि डिसेंबर १९६९मध्ये अग्रणी बँक योजना आली. रत्नागिरी जिल्हा बँक ऑफ इंडियाकडे गेला, आणि सिंधुदुर्ग वेगळा झाल्यावर तोही. १९७७पासून शाखा परवान्याचा नियम आला: बँक असलेल्या ठिकाणी एक शाखा हवी असेल तर बँक नसलेल्या ठिकाणी चार उघडा. १९९०पर्यंत तो चालला. माझ्या पिढीच्या बँकवाल्यांनी ज्या शाखांत उमेदवारी केली, त्यांतल्या कित्येक या चारांतल्या होत्या: कौलारू घर, शेणाने सारवलेले अंगण, टपालगाडीबरोबर येणारी रोकड आणि पावसात आठ-आठ दिवस न लागणारा फोन.

शाखा आल्या आणि ठेवी तर भराभर आल्या, कारण मनीऑर्डरच्या पैशाला आता दारात तिजोरी मिळाली. कर्जे मात्र त्या वेगाने गेली नाहीत. ग्रामीण आणि निमशहरी शाखांनी ठेवींच्या ६० टक्के तरी कर्ज वाटावे, असे लक्ष्य पुढे आले, आणि आमच्या बैठकांत 'सीडी रेशो', म्हणजे ठेवींशी कर्जाचे प्रमाण, हा शब्द पंचांगातल्या राहुकाळासारखा उच्चारला जाऊ लागला. किनाऱ्यावरच्या जिल्ह्यांत हा आकडा सतत मागे राही. वरिष्ठ कार्यालयातून येणारे साहेब शाखाधिकाऱ्याला आळशी ठरवून परत जात.

खरे कारण सातबाऱ्यात होते. खोती संपून कुळाला जमीन मिळाली, पण ती घराण्याच्या नावावर सामाईक राहिली. उताऱ्यावर आजोबांच्या पिढीची नावे, त्यांतले काही वारलेले, वारसनोंद नाही, चुलते मुंबईत, एक आत्या बडोद्याला. मला एका बागायतदाराचा अर्ज आठवतो. राजापूर तालुक्यातली पाच एकर कातळी जमीन, त्यावर त्याने स्वतः लावलेली सव्वाशे कलमे, उत्पन्न डोळ्यांना दिसणारे, आणि उताऱ्यावर सतरा सहहिस्सेदार. बोजा चढवायचा तर सतरांच्या सह्या हव्यात. तो गणपतीपर्यंत थांबतो म्हणाला, कारण तेव्हा सगळे गावी येतात. गणपतीत चौदा सह्या झाल्या. उरलेल्या तिघांतल्या एकाला वाटले की, सही केली तर हिस्सा जाईल. बागायतदाराने शेवटी फवारणीसाठी नेहमीच्या दलालाचीच उचल घेतली. दलालाला सातबारा लागत नाही, मोहोर पुरतो.

हा अनुभव मी मुद्दाम विस्ताराने दिला, कारण अध्यादेशाची पोहोच कुठे संपते हे त्यात दिसते. बँकेची मालकी बदलणे केंद्राच्या हाती होते, शाखा कुठे निघावी हे रिझर्व्ह बँकेच्या हाती होते, पण जमिनीची नोंद हा राज्याच्या महसूल खात्याचा आणि त्याहून अधिक भाऊबंदकीचा विषय आहे. दिल्लीने १९६९मध्ये ठरवलेल्या धोरणाची कोकणातली अंमलबजावणी तलाठ्याच्या दप्तरात अडकली. टीकाकार यावरून म्हणतात की, राष्ट्रीयीकरण फसले. मला तसे म्हणवत नाही. दापोलीपासून सावंतवाडीपर्यंतच्या खेड्यांतल्या बायका आज स्वतःच्या नावाचे पासबुक बाळगतात, आणि त्याची सुरुवात ज्या शाखांतून झाली त्या केवळ नफ्याच्या हिशोबाने निघाल्या नसत्या. ठेवीच्या बाजूने अध्यादेशाने कोकणाला पुष्कळ दिले, कर्जाच्या बाजूने थोडे, आणि हा उणेपणा ज्यांनी सही केली त्यांच्यापेक्षा ज्यांनी पुढची वीस वर्षे लक्ष्ये ठरवली त्यांच्या पदरात अधिक जातो, कारण त्यांनी संपूर्ण देशाला एकच मापटे लावले.

ही उणीव भरून काढण्याचा पुढचा प्रयत्नही पुन्हा अध्यादेशानेच झाला. २६ सप्टेंबर १९७५ रोजी, आणीबाणीच्या काळात, राष्ट्रपती फक्रुद्दीन अली अहमद यांच्या नावाने प्रादेशिक ग्रामीण बँकांचा अध्यादेश निघाला आणि २ ऑक्टोबरला पहिल्या ५ बँका सुरू झाल्या. भांडवलात केंद्राचा वाटा ५० टक्के, प्रायोजक बँकेचा ३५ आणि राज्याचा १५. स्थानिक माणसे, स्थानिक बोली, कमी खर्च, अशी कल्पना होती. रत्नागिरी-सिंधुदुर्गासाठीही पुढे अशी बँक निघाली. तिची प्रायोजक बँक ऑफ इंडिया होती, म्हणजे जिल्ह्याची अग्रणी बँक आणि ग्रामीण बँकेची पालक एकच. बैठकीत दोघांचे आकडे जुळत नसले, तर निदान एकाच घरातले भांडण म्हणून ते मिटत असे.

राजापूरचे खासदार मधु दंडवते १९८९च्या डिसेंबरात अर्थमंत्री झाले, तेव्हा कुलाब्याच्या देशमुखांनंतर कोकण किनाऱ्यावरच्या मतदारसंघाचा दुसरा माणूस त्या खुर्चीवर बसला. त्यांच्या कारकिर्दीत १० हजार रुपयांपर्यंतच्या कर्जमाफीची योजना आली. आमच्या शाखांत त्या योजनेचे लाभार्थी इतर जिल्ह्यांच्या मानाने थोडेच निघाले, आणि त्याचे कारण वर आले आहे: ज्याला कर्जच मिळाले नाही, त्याला माफ काय करणार? वर्षभरात सरकार गेले आणि खुर्चीही गेली.

ग्रामीण बँकांचे पुढे विलीनीकरण होत गेले. २०१३मध्ये विदर्भ कोकण ग्रामीण बँक झाली आणि मुख्यालय नागपूरला गेले. गुहागरच्या शाखेचा प्रस्ताव नागपूरला, हे कसे याचे उत्तर गावात कोणी देऊ शकत नसे, तरी निदान फलकावर कोकणचे नाव होते. १ मे २०२५पासून केंद्र सरकारच्या अधिसूचनेने ती महाराष्ट्र ग्रामीण बँकेत मिळाली. नव्या बँकेचे मुख्यालय छत्रपती संभाजीनगरला आहे आणि प्रायोजक बँक ऑफ महाराष्ट्र आहे. अग्रणी बँक मात्र दोन्ही जिल्ह्यांत बँक ऑफ इंडियाच राहिली. जिल्हाधिकाऱ्यांच्या दालनात जिल्हास्तरीय समितीची बैठक भरते तेव्हा आता या दोन बँकांचे प्रतिनिधी दोन वेगळ्या घरांतून येतात.